निळ्या कपड्याचा दावा

(सांगणार : शमीमबी, शिवणकाम, तेल्हारा)

माहं माहेर धारणीचं, मेळघाटातलं. अब्बा शिवनकाम करत, पन दुकान असं काई नव्हतं, ज्या गावाचा बाजार असन त्या गावाले मशीन घेऊन जायाचं, जीपच्या टपावर मशीन दोरीनं बांधलेली अन् आत आमी मानसं कोंबलेली, रस्ता असा का वळनावर मशीन आधी खाली जाते का आपन जातो हेच समजत नव्हतं. बाजारात झाडाखाली अब्बा बसत, कोरकू बाया पोलकं शिवाले टाकत, मी बाजूले बसून काज कराची, बटन लावाची. शाळा माही तिथंच सुटली. अब्बाची एक सवय होती, कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देल्ला का लगेच दुसरा हाती घेत नसत, ते मानूस जाऊन राहिलं तं त्याच्या पाठीकडे पाहत राहत, खांद्यावर कसा बसला, कुठी झोल पडला. मी म्हनो, अब्बा, लोकं थांबले. तं म्हनत, थांबू दे, शिवलेला कपडा हे आपलं नाव हाय, लोकायच्या अंगावर हिंडते ते. आता हे मी तुमाले सांगून राहिली म्हनून मोठी गोष्ट वाटते, तवा मले नुसता कंटाळा याचा.

लग्न होऊन तेल्हाऱ्याले आली. आमचे रफिकमिया जिनिंगमध्ये कामाले होते. कापूस असला का काम, नसला का घरी. मानूस लय शांत, इतका शांत का मले राग ये. मी इकडून तिकडे पाय आपटत हिंडो अन् ते आपले बाजेवर बसून बिडी ओढत. मशीन अब्बानं लग्नात देल्ली होती, त्याच्यावर मी मोहल्ल्यातल्या बायायचे पोलके शिवाले सुरुवात केली, मंग सलवार-कमीज, मंग लग्नाचे कपडे, मंग दुसरी मशीन घेतली, जेठानी रशीदाभाबी मदतीले बसू लागली. आमच्याकडे हिंदू बायाबी येत, मुसलमान बायाबी येत. मापं घेता घेता सगळ्यायच्या घरच्या गोष्टी मले ठाऊक.

मंग ते वाईट वर्षं आले. तुमी पेपरात वाचलंच असन, तवा रोज आमच्याच भागाच्या बातम्या, कास्तकारानं जीव देल्ला म्हनून, मोठमोठी मानसं गाड्या घेऊन येत, कोनाच्या तरी वावरात उभी राहत, फोटो काढत अन् जात. कापसाले भाव नाई, ज्या साली भाव त्या साली कापूस नाई. जिनिंग एक हंगाम चाललीच नाई, रफिकमिया घरी. अन् कास्तकाराच्या घरी पैसा नसला का सगळ्यात आधी काय बंद होते, तं शिवन बंद होते. जुन्या पोलक्याले ठिगळ लावून बाया काढून नेत दिवस. माह्या दोन्ही मशीनी गप. मले तं मशीन गप असली का झोप येत नाई, आजबी येत नाई.

अशात आमच्या गावच्या शाळेच्या हेडमास्तरनं बोलावलं. माही पोरगी सलमा त्याच शाळेत. हेडमास्तर म्हने, आजवर ड्रेस अकोल्याहून तयार येत होते, महाग पडतात, लोकायले झेपत नाई, तुमी शिवून द्या, कपडाबी तुमीच आना, पोरीयचा निळा फ्रॉक बिनबाह्याचा अन् आत पांढरा शर्ट, पोरायची निळी हाफपँट. काय सांगू तुमाले, मी घरी चालत आली का उडत आली मले ठाऊक नाई. रफिकमियाले म्हतलं, सारी शाळा, अख्खी शाळा. ते म्हनले, कपडा कुठून आनशीन? मी म्हतलं, अमरावतीहून. एवढा ठोक कपडा अकोल्यात उधारीवर कोनी देत नव्हतं, अन् रोखीत अमरावतीच स्वस्त.

अमरावतीच्या कापड बाजारात एक शेठ होता. नाव नाई घेत मी त्याचं, आता कशाले. गादीवर बसलेला, कानात अत्तराचा फाया, गोड बोलनारा. निळ्या कपड्याचा तागा त्यानं माह्यासमोर असा फेकला का सरसर उलगडत पार माह्या पायापाशी आला. हात लावून पाहिला, पोत चांगला, दाट. मी इचारलं, रंग पक्का हाय ना, शाळेचा हाय, रोज धुनं हाय. तं हसला, म्हने, बाई, कपडा फाटन पन रंग जानार नाई. बिल देल्लं, तागे बांधून देल्ले, मी एसटीच्या टपावर चढवून तेल्हाऱ्याले आनले.

अन् मंग आमी जे शिवलं ना, मी अन् भाबी! घरात निळं अन् पांढरं, दुसरं काई दिसेच ना, पोळ्यायच्या परातीत निळी चिंधी, सलमाच्या केसात निळा दोरा. रफिकमियाबी बसले बटनं लावाले, मानूस जिनिंगमधला, बोटं जाड, सुई टोचून घ्याचे अन् गप राहाचे. पालकायनं पैसे कसे देल्ले होते मले ठाऊक होतं. कोनी बकरी इकली होती, कोनी मजुरीतून थोडे थोडे. सुमनबाई म्हनून एक बाई होती, गावाच्या कडेले त्यायचं वावर, थोडंसंच, तिनं पोरीच्या ड्रेससाठी गोठ्यातल्या शेनाच्या गवऱ्या इकल्या, स्वतः येऊन सांगे मले, शमीमबी, फ्रॉक उलीसा लांब शिव, दोन वर्षं पुरला पायजे.

पंधरा ऑगस्टच्या आधी सगळे ड्रेस देल्ले. हेडमास्तर म्हने, आता कोनी घालू नका, झेंड्यालेच सगळे नवे घालून या. म्हनून कोनी धुतला नाई, कोनी घातला नाई, घडीच्या घडी ठेवला.

झेंड्याच्या दिवशी मीबी गेली. माहे शिवलेले कपडे अख्खी शाळा घालून उभी हाय, हे पाहाले कोन जानार नाई? रांगा अशा सरळ, निळं-पांढरं, निळं-पांढरं. मी भिंतीपाशी बायायमधे उभी. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत सुरू झालं अन् पाऊस आला. जोराचा नाई, असा बारीक, पन दमदार. राष्ट्रगीतात कोनी हालत नाई ना, पोरं उभेच. अन् मी पाहून राहिली का समोरच्या पोरीच्या गोऱ्या पायावरून एक निळी रेघ खाली आली. मले वाटलं शाई असन. मंग दुसरीच्या. मंग सगळ्यायच्या. फ्रॉकच्या पट्ट्यातून रंग पांढऱ्या शर्टावर उतरला, पाठीवर, पोटावर, पोरायच्या गुडघ्यावर, मोज्यात. राष्ट्रगीत अन् मागून झेंडागीत संपलं तवा रांगेच्या खाली मैदानाचं पानीच निळं. आधी लहान पोरं हसले, त्यायले मजा वाटली, एकमेकाले हात पुसू लागले. मंग मोठ्या पोरी रडाले लागल्या, काहून का पांढरा शर्ट अंगाले चिकटला अन् वरून असे डाग. मास्तर लोकं पाहुन्यायसमोर खाली मान घालून. अन् मंग सगळ्या बायायनं माह्याकडे पाहिलं. मी तिथून कशी निंगाली, चप्पल पायात होती का नव्हती, काईच आठवत नाई मले.

त्याच दिवशी लोकं घरी आले. आनून टाकत ओल्या ड्रेसायचे गोळे, ओट्यावर ढीग. सुमनबाई आली, ती तं आतच आली, फ्रॉक माह्या मशीनवर फेकला, तिच्या पोरीच्या अंगावर लाल लाल पुरळ उठले होते, म्हने, पाय, पाय माह्या पोरीचं अंग. तुले मी विश्वासानं पैसे देल्ले टेलरबाई, तू आमा गरिबायले लुटलं. मी म्हतलं, सुमनबाई, मीबी लुटली गेली. म्हने, मले काय माहीत कोन कोनाले लुटते, मी तं तुले ओळखतो. अन् ती गेली. तिचं खोटं नव्हतं ना. लोकायनं शेठले कुठी पाहिलं होतं? त्यायनं मले पाहिलं होतं.

मी रात-दिवस घरात फिरत राहिली, इकडून तिकडे. सलमा शाळेत जाईना, पोट्टे तिले निळी म्हनत. मंग मीच ठरवलं का सगळ्यायचे ड्रेस परत शिवून द्याचे, दुसऱ्या कपड्याचे. भाबी म्हने, येडी झाली का तू, पैसे कुठी हायत? बांगड्या होत्या, त्या इकल्या. पुरलं नाई. एक दिवस रफिकमिया आपल्या लुनावर बाजारात गेले अन् पायी आले, मी म्हतलं, लुना कुठी हाय? तं म्हनले, इकली, कपडा घेऊन ये. बस, एवढंच. मी त्यायच्याकडे पाहत राहिली अन् ते हात धुवाले गेले. ह्या मानसावर मी इतके वर्षं चिडत होती का हा काई करत नाई म्हनून.

दुसऱ्या बारीचा कपडा अकोल्याहून रोखीनं आनला, शिवून घरोघर नेऊन देल्ला. काई लोकायनं घेतला अन् दार लावलं. सुमनबाईनं घेतला, पोरीच्या अंगाले लावून पाहिला अन् म्हने, लांब हाय. मी म्हतलं, दोन वर्षं पुरन.

आता शेठचं सांगते. ड्रेस परत शिवाच्या आधीच मी त्याच्याकडे गेली होती, ओला फ्रॉक पिशवीत घेऊन. मले वाटलं होतं का तो म्हनन, अरे बाप्पा, चूक झाली, घेऊन जा दुसरे तागे. मी तं एवढंच मागाले गेली होती. तो म्हने, हा कपडा माहा कशावरून? मी म्हतलं, बिल हाय. म्हने, बिल हाय पन फ्रॉकवर माहं नाव हाय का? दुसऱ्या बारीले गेली तं म्हने, तुमी सोड्यात धुतला असन. तिसऱ्या बारीले दुकानात गिऱ्हाईक बसलेले, त्यायच्यासमोर म्हने, बाई, शिवता येत नसन तं कपड्याले नाव ठेवू नये, अन् तुमच्या लोकायले हे असे लफडे करून पैसे काढाची सवयच असते. तुमच्या लोकायले म्हने. गिऱ्हाईकं माह्या बुरख्याकडे पाहाले लागले. मी उठली. पायरीवर आली. तिथंच माह्या मनानं घेतलं का आता याले कोर्टातच पाहीन.

अकोल्यात जठारपेठेत माही फुफी, अब्बाची बहीन, राहते, तिच्या वळखीनं ग्राहक मंचात तक्रार टाकली. वाटलं, झालं, दोन-चार महिन्यात होईन. काय सांगू तुमाले, तारीख पडे, मी जाओ, तं शेठचा वकील नाई, मंग साहेब नाई, मंग कागद नाई. अन् शेवटी काय, तं मंचाचे साहेब म्हने, ही बाई धंद्यासाठी कपडा घेते, ही गिऱ्हाईक नाई, व्यापारी हाय, इथं नाई चालत. मी म्हतलं, व्यापारी? मी? माह्या घरी दोन मशीनी अन् एक जेठानी. पन कागदावर तसंच. दिवाणी कोर्टात जा म्हने. अन् दिवाणी कोर्टबी अकोल्याचं नाई, बिलाच्या खाली बारीक अक्षरात छापलं होतं का भांडन झालं तं अमरावतीच्याच कोर्टात. ते मले कोनी वाचून दाखवलं नव्हतं.

त्या दिवशी घरी आली अन् रफिकमिया म्हनले, शमीम, सोड आता. जे गेलं ते गेलं, लोकायचे ड्रेस देल्ले ना आपन, अल्लासमोर आपन साफ. मी म्हतलं, अल्लासमोर साफ हाय, पन तेल्हाऱ्यासमोर? मले शिवाले कोन टाकते आता? तुमी सांगा, मोहल्ल्याच्या बाहेरची एक बाई आली का वर्षभरात? त्यायनं बिडी पेटवली. रशीदाभाबी बोलली मातर, लय बोलली, का घर पाय, पोरगी पाय, बाईमानूस कोर्टात हिंडते, लोकं काय म्हनतीन. मी म्हतलं, लोकं म्हनूनच राहिले ना.

अमरावतीच्या कोर्टात बायायले सरकारकडून फुकट वकील मिळते, हे मले फुफीनं सांगतलं. मले मिळाली वानखडे मॅडम. पोरगीच होती, माह्या लहान बहिनीएवढी, गाउन मोठा अन् ती बारीक. मले पाहून पहिला शब्द काय म्हनली माहीत हाय? म्हने, ताई, तागा शिल्लक हाय का एखादा? मी म्हतलं, एक हाय, न उघडलेला, पलंगाखाली. ती खुर्चीतून उठलीच. म्हने, त्याले हात लावू नका, त्याच्यावर शेठच्या दुकानाचा शिक्का असन. होताच.

तो तागा अमरावतीले न्याचा दिवस. मी एसटीत मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर म्हने, याचं लगेज लागन. मी म्हतलं, हा साक्षीदार हाय, याचं लगेज कसं? सारी गाडी हसली. पन टपावर काई मी देल्ला नाई, पाऊस आला तं? तिकीट काढलं लगेजचं, पन मांडीवरच ठेवला. कोर्टानं त्याचा तुकडा कापून सील करून तपासाले पाठवला, अन् तो तपास याले किती दिवस लागले ते नका इचारू. तवर मी किती चपला झिजवल्या. पहाटेची गाडी, अकोट, मंग दर्यापूर, मंग अमरावती, व्हरांड्यात उभं राहाचं, शिपाई नाव पुकारन का म्हनून कान तिकडे, जेवाले बसली अन् पुकारलं तं? म्हनून भाकर उभ्यानंच खाओ. कधी कधी तं पोहोचली अन् म्हने पुढची तारीख, तशीच परत. येता येता डोक्यात शेठचं तेच बोलनं फिरत राहे, तुमच्या लोकायले, तुमच्या लोकायले. गाडीतल्या बाया बोलत, मले ऐकूच येत नसे. घरी आली का मशीनवर बसो, पाय चालत पन कपड्यावर ध्यान नाई, सुई बोटात. ते वर्षं असेच गेले माहे. सलमा मोठी होऊन राहिली होती अन् मी कोर्टात होती.

मंग साक्षी आल्या. हेडमास्तरले मी हात जोडले, सर, तुमी फक्त या अन् सांगा का काय झालं. ते म्हने, मी संस्थेचा नोकर, मले कोर्टाच्या भानगडीत नका ओढू. मी शाळेच्या फाटकातून बाहेर आली, बाहेर सुमनबाई उभी. पोरीले घ्याले आली होती. तिनं ऐकलं असन. म्हने, काय म्हनते मास्तर? मी सांगतलं. ती म्हने, कधी हाय? मी म्हतलं, काय? म्हने, तारीख वं, कधी हाय तारीख? मी येतो. मी म्हतलं, सुमनबाई, दिवसाची मजुरी जाईन, निंदन चालू हाय. तं म्हने, माह्या पोरीचं अंग सोललं होतं, ते मास्तरचं नव्हतं सोललं.

आमी दोघी गेलो. सगळ्या रस्त्यानं ती बोलली, माह्याशी इतके वर्षं बोलली नव्हती ते सगळं. तिचा कापूस, तिची सासू, तिच्या नवऱ्याचं पाठीचं दुखनं.

आधी माही उलटतपासनी झाली. शेठचा वकील म्हातारा, हळू बोले, अन् मले तारखायमधेच गुंतवलं त्यानं. कपडा कधी घेतला, शिवाले कधी घेतला, शेठकडे पहिल्यांदा कधी गेली. मी एक सांगतली, मंग दुसरी सांगतली, तो म्हने, आधी तुमी हे म्हनल्या होत्या. खाली उतरली अन् व्हरांड्यात जाऊन रडली, बुरख्यात तोंड घालून. वाटलं, गेलं सगळं, माह्याच तोंडानं गेलं.

मंग सुमनबाईले पुकारलं. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, ती ठेवत नव्हती खाली. वकील म्हने, बाई, हा ड्रेस तुमी घरी कोनत्या साबनानं धुतला? ती म्हने, धुतला कुठी साहेब. तो म्हने, म्हंजे? ती म्हने, नवा होता, झेंड्यालेच पहिल्यांदा घातला, त्याले पावसानंच धुतलं. अन् पावसात काय सोडा असते का? जजसाहेबायनं मान वर केली, लिहिनाऱ्यानंबी हात थांबवला. पन वकील काई कच्चा नव्हता, तो म्हने, तुमची अन् या बाईची मैत्री हाय म्हनून तुमी आल्या. तं सुमनबाई म्हने, मैत्री? मी हिच्या मशीनवर फ्रॉक फेकला होता साहेब, इचारा तिले. अन् मंग म्हने, हिनं मले दुसरा शिवून देल्ला, एक पैसा नाई घेतला. ती पोरगी दोन वर्षं घालून हिंडली तो.

व्हरांड्यात ऐकू आलं मले हे. काय सांगू, कोर्टानं काय देल्लं ते मंग देल्लं, पन मले त्या दिवशीच मिळालं काई. दोन वर्षं घालून हिंडली म्हने.

तपासाचा कागद आला तवा त्यात लिहिलं होतं का रंग कच्चा, पान्यात उतरते. शेठनं म्हतलं, मले मिलनंच तसा देल्ला, मीबी फसलो. मॅडम म्हने, मंग तुमी मिलवर जा, ही बाई तुमच्याकडे आली होती. निकाल लागला तवा रफिकमिया पहिल्यांदा संग आले. आत नाई आले, फाटकाबाहेर चिंचेखाली उभे राहिले. निकाल इंग्रजीतला, मले त्यातलं माहं नावच तेवढं समजलं. मॅडमनं सांगतलं, जिंकल्या ताई. पहिल्या कपड्याचे, दुसऱ्या कपड्याचे, शिलाईचे, अन् कोर्टाच्या खर्चाचे मिळनार. मी म्हतलं, अन् इज्जतीचे? धंदा बसला त्याचे? ती म्हने, ते नाई मिळाले ताई, त्याचा पुरावा नव्हता. मी बाहेर येऊन रफिकमियाले सांगतलं. ते म्हनले, मंग आता बसशीन का घरी? अन् हसले. इतक्या वर्षात त्यायले मी तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पन बसते कुठी. निकाल लागला म्हंजे पैसे आले असं नाई ना. शेठ म्हने अपील करतो, अपीलबी केलं नाई अन् पैसेबी देल्ले नाई. परत पैसे वसूल कराची दरखास्त टाकली, परत तारखा, अन् शेवटी जप्तीचा हुकूम निंगाला. कोर्टाचा बेलिफ म्हने, बाई, तुमी संग चाला, दुकान दाखवा. मी गेली. तीच पायरी. दुकान तसंच, शेठ मातर म्हातारा झाला होता, गादीच्या बाजूले काठी. बेलिफनं कागद वाचला अन् तागे मोजाले लागला. गिऱ्हाईकं उठून उभे राहिले. शेठचा पोरगा आतून धावत आला, म्हने, थांबा, थांबा, काय तमाशा हाय, अन् तिथंच सगळे पैसे भरले, चहा मागवतो म्हने मावशी, बसा. मी म्हतलं, बसत नाई. शेठकडे पाहून म्हतलं, शेठजी, मले चहा नको, एवढंच म्हना का कपडा खराब होता. तुमच्या तोंडानं म्हना. शेठ माह्याकडे पाहत राहिला अन् म्हने, कोर्टानं म्हतलं ना बाई. मी म्हतलं, तुमी म्हना. तो खाली पाहाले लागला, कपड्याची घडी घालाले लागला. नाईच म्हनला तो. मी निंगाली. लोकं इचारतात मले, बरं वाटलं असन ना त्या दिवशी? खोटं कशाले बोलू, नाई वाटलं. पायरी उतरली अन् वाटलं, परत वर जावं, परत इचारावं. आजबी कधी कधी वाटते.

रफिकमिया आता नाई. मागच्या थंडीत गेले, झोपेतच, कोनाले काई न सांगता, जसे होते तसे. सलमा अकोल्याले सासरी हाय, ती म्हनते, अम्मी, आता माह्याकडे राहा. मी दोन दिवस राहतो अन् परत येतो. कामं हायत ना. शिलाईचं येते थोडंफार, तयार कपड्यायनं टेलरचं काम कमी झालं, पन बाया येतात माह्याकडे, दुसऱ्याच कामाले येतात. कोनाचं बियानंच उगवलं नाई, कोनाचा फवारनीचा पंप पहिल्याच दिवशी फुटला, कोनाची पिठाची गिरनी नवी अन् चालत नाई. म्हनतात, शमीमबी, तुमाले कोर्ट माहीत हाय, तुमी संग चाला. मी त्यायले आधीच सांगतो, माय, वेळ लागन, चपला जातीन, समोरचा मानूस तुले खोटं पाडन अन् तुलेच तुहं खरं आठवनार नाई, अन् जिंकली तरी सगळंच काई मिळत नाई. घरी जा, नवऱ्याले इचार, मंग ये. अर्ध्या परत येत नाई. ज्या येतात त्यायच्यासंग मी जातो.

आजबी जायाचं हाय, तुमी आले तवाच म्हतलं होतं ना. खालच्या आळीची एक पोरगी हाय, लग्न होऊन वर्ष झालं नाई, तिच्या मालकाले खोटं बियानं देल्लं दुकानदारानं, ती एकटी उभी राहिली, मालक घाबरते. आज तिची पहिली तारीख. अल्ला तुमाले सुखी ठेवो, तुमचे लेकरं शिकोत, तुमी इतक्या लांबून माहं ऐकाले आले. लिहा जे लिहाचं ते. पन आता मले उठू द्या, अकोटची गाडी लागली असन स्टँडवर, अन् ती पोरगी नवी हाय, मी दिसली नाई तं ती तशीच घरी परत जाईन.